किती मिळाले आणि कशात?

उत्तरपत्रिका वाटायच्या दिवशी इंग्रजीच्या सरांची एक अट असे: आपले गुण इंग्रजीत, पूर्ण वाक्यात सांगायचे, मगच पेपर हातात मिळणार. नापास झालेल्यालाही सूट नव्हती. उलट 'फेल्ड बाय टू मार्क्स' हे वाक्य सगळ्यांत आधी पाठ झालं, कारण जेवढ्याने हुकलं तेवढ्याला 'बाय'.

सरांचं म्हणणं एवढंच असे की आकड्याकडे बघू नका, त्याच्या पुढे काय येतंय ते बघा. विषय आला की 'इन': 'एटी इन मॅथ्स'. एखाद्या निबंधाला मिळालेले गुण असतील तर 'फॉर': 'सेव्हन फॉर द एसे'. शुद्धलेखनाचे गुण कापले, तरी ते 'फॉर स्पेलिंग'च. आणि एकूण किती पैकी, हे सांगायला 'आउट ऑफ'. इथे मात्र हमखास कुणीतरी 'फॉर्टी अपॉन फिफ्टी' म्हणायचं. सर शांतपणे विचारायचे, "अपूर्णांक वाचतोयस की निकाल सांगतोयस?" (तो 'अपॉन' मला अजूनही भल्याभल्यांच्या तोंडी ऐकू येतो.)

खरी गंमत 'टेस्ट'पाशी यायची. मराठीत आपलं एका 'त'वर भागतं: गणितात, पेपरात, परीक्षेत. त्यामुळे आम्ही बिनधास्त 'इन द टेस्ट' म्हणायचो आणि ब्रिटिश वळणाने ते बरोबरही होतं. अमेरिकेत मात्र 'ऑन द टेस्ट' म्हणतात. म्हणून विषयाला 'ऑन' लागतं असं नाही. 'एटी ऑन मॅथ्स' तिकडेही खटकेल. सरांना दोन्ही वळणं मान्य होती, पण एकाच उत्तरात दोन्ही आली की लाल शाई. तेव्हा तो हट्ट जाचक वाटे, आता मला तो पुरता पटतो.

हल्ली मी परदेशी प्रवेशासाठी मुलांनी लिहिलेले अर्ज वाचून देतो. सॅट ही अमेरिकन परीक्षा, गुण 400 ते 1600 मध्ये मिळतात. तिथे '1400 ऑन द सॅट' किंवा 'अ स्कोअर ऑफ 1400' लिहायला सांगतो. मुलं हे पटकन उचलतात. अडतात ती पुढच्याच ओळीत: गुण 'इन मॅथ्स' मिळाले म्हणून स्वतःला 'गुड इन मॅथ्स' लिहितात. तिथे 'अ‍ॅट' हवं. सर असते तर पेपर हातातच दिला नसता.