भट्ट्यावरच्या बायांची हेल्थ लिटरसी मोजायला गेली तेव्हा (माझा अनुभव)

एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गाईड मॅडमनी विषय दिला, स्थलांतरित महिलांची आरोग्य साक्षरता. म्हणजे बाईला तब्येतीची माहिती शोधता येते का, समजते का, खरी-खोटी पारखता येते का आन् त्याप्रमाणं वागता येते का. आमच्या भंडारा जिल्ह्यात वीटभट्टे काही कमी नाहीत, दिवाळी झाली की बिलासपूर, जांजगीरकडून जोडपीच्या जोडपी येतात आन् पाणी पडायच्या आत वापस, त्यामुळे सॅम्पल घरून स्कुटीनं वीस मिनिटांवर. मला वाटलं महिन्याभरात उरकते. कशाचं उरकते बाप्पा.

प्रश्नावली घेतली एचएलएस-ईयूची, म्हणजे युरोपियन हेल्थ लिटरसी सर्व्हेची. युरोपातल्या ८ देशांत २०११ मध्ये वापरली होती, मूळ ४७ प्रश्न, छोटी १६ ची, मी छोटी धरली. अमुक गोष्ट तुम्हाला किती सोपी, किती कठीण, असं विचारायचं. सोपं म्हटलं तर १, कठीण म्हटलं तर ०, बेरीज १३ किंवा त्याच्या वर गेली की साक्षरता पुरेशी, ९ ते १२ अडचणीची, ८ किंवा कमी असली तर अपुरी. कागदावर लय सुटसुटीत दिसते.

पहिलाच घोळ संमतीपत्राचा. शाईचं पॅड काढलं तशा बाया मागं सरकल्या. मला काही समजेच ना, मग एका म्हातारीनं सांगितलं की अंगठा आम्ही उचल घेताना लावला होता, आता आणखी कायचा? खरंच आहे ना, उचल फिटेपर्यंत भट्टा सोडता येत नाही हे त्या अंगठ्यानंच त्यांना शिकवलेलं. पुन्हा एथिक्स कमिटीकडे अर्ज, तोंडी संमती आन् एक साक्षीदार, यात पाच आठवडे गेले.

मग भाषा. हिंदी भाषांतर तयार होतं पण ते रेडिओवरच्या हिंदीतलं. आमच्या गावात छत्तीसगडची एक सून आहे, तिला घेऊन बसली. माझ्याच डोक्यात गोंधळ, तिकडं टीका म्हणजे लस आन् आपल्याकडं टीका म्हणजे नावं ठेवणं, मी बोलता बोलता मराठी टीका वापरली आन् बाया समजल्या मी सुया घेऊन आली, दोघी लेकरं घेऊन झोपडीत गेल्या. ‘आरोग्य’ खोडून ‘तबियत’ लिहिलं. एक प्रश्न होता, कमी शारीरिक हालचालीबद्दलचे इशारे समजणं किती सोपं. पहाटे तीनपासून माती तुडवून विटा पाडणाऱ्या बाईला हे विचारताना मला माझीच लाज वाटली, त्या मात्र पोट धरून हसल्या. दुसऱ्या डॉक्टरचं मत कधी घ्यावं हाही एक प्रश्न. पहिलाच डॉक्टर भेटायला रोजी बुडवावी लागते, दुसरा कुठून आणता.

आता खरी गंमत. पहिल्या बाईचा स्कोर आला १५. सात महिन्यांची गरोदर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. “सब आसान हे दीदी.” मी खूश, घरी येऊन एक्सेलमध्ये भरलं. पण निघताना झोपडीत तिनं चहा केला आन् माझ्यासमोरच लोहाची लाल गोळी चहासोबत घेतली. चहानं लोह अंगाला नीट लागत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आन् माझ्या १६ प्रश्नांत ते कुठं पकडलं जाणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, विचारलं सगळं आसान काहून म्हटलं. तिचं म्हणणं, डॉक्टर सांगते, आम्ही मुंडी हलवतो, यात कठीण काय. म्हणजे जी कधी दवाखान्यात प्रश्न विचारायला गेलीच नाही तिला सगळं सोपं, आन् जी लेकराला घेऊन तीनदा चकरा मारून आली तिचा स्कोर ७. फॉर्मनं तिला अपुरी ठरवलं, मला तर तीच सगळ्यात हुशार वाटली.

मॅडम म्हणाल्या मग न्यूएस्ट व्हायटल साइन लाव, त्यात प्रत्यक्ष करून दाखवायचं असते. ते अमेरिकेतलं, २००५ चं, आइस्क्रीमच्या डब्याचं लेबल देऊन ६ प्रश्न, पूर्ण डबा खाल्ला तर कॅलरी किती वगैरे. मी म्हटलं मॅडम, नको. त्याऐवजी गोळ्यांची पट्टी, ओआरएसचं पाकीट आन् मायबाळ कार्ड (गरोदरपणाच्या अन् लेकराच्या लसींच्या नोंदींचं) घेऊन गेली. १८० गोळ्या, रोज एक, किती दिवस पुरतील? जिला अक्षर येत नाही ती बोटं न मोजता म्हणे छह महिना. दिवसभर हजाराच्या हिशेबात विटा मोजते ती, हिशेब तिचा माझ्याहून पक्का. ओआरएसला लिटरभर पाणी मोजायचं तर कोल्ड्रिंकची रिकामी बाटली काढली. कार्डावर मात्र सगळ्या अडल्या, कारण कार्डच नव्हतं, बहुतेकींचं गावी सासूजवळ. अन् इथल्या आशाताईच्या यादीत भट्टा नाही, ती म्हणते माझ्या गावची लोकसंख्या नाही ती.

हे सगळं प्रबंधात वेगळ्या प्रकरणात टाकावं लागलं, कारण माझी पट्टी-पाकिटाची चाचणी व्हॅलिडेटेड, म्हणजे शास्त्रीय पद्धतीनं पारखलेली, नाही. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ३४ बायांपैकी दुसऱ्या फेरीत २७ च का? म्हटलं सर, पथाई, म्हणजे विटा पाडणं, बंद झाली, सात जणी भंडारा रोड स्टेशनावरून गाडीत बसून गेल्या. त्यांनी लिहून घेतलं, लॉस टू फॉलोअप, म्हणजे पुढं संपर्क तुटलेल्या. १५ स्कोरवाली त्यातच होती. जाताना गोळ्या नेल्या तिनं, चहाच्या दोन तासांनी घ्यायच्या हे मी चारदा तिच्याकडून वदवून घेतलं होतं, बाळंतपण तिकडंच झालं असेल.