धर्मकाटा : आमची वाटचाल

माझ्या टेबलावर पाच किलोचं एक जुनं लोखंडी वजन असतं. उलटं केलं की बुडाशी एक खोबण दिसते. खोबणीत शिसं ठोकून भरलेलं आणि शिशावर वजनमापे खात्याचे शिक्के, एकाशेजारी एक, काही पार पुसट झालेले. वापरून वापरून वजन झिजलं की याच खोबणीत शिसं वाढवून ते पुरं करतात. आणि ज्याला चोरी करायची, तोही इथूनच शिसं कोरून काढतो. दहावीनंतरच्या सुट्टीत मी दुकानात आलो तेव्हा बाबांनी हेच वजन उलटं करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक वरून पाहते. खालून पाहणारा एकच."

वजनकाटे विकणं, दुरुस्त करणं आणि पासिंग करून देणं, म्हणजे वजनमापे खात्याकडून तपासून शिक्का मारून घेणं, हा आमचा धंदा. नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान आहे, माझ्यासकट सहा माणसं काम करतात. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. धंद्याची हकिकत सांगायची तर विश्वासाची सांगावीच लागते, कारण ही दोन वेगळी खाती असू नयेत असा बाबांचा आग्रह होता. मी एकदा ती वेगळी केली. तेही सांगणार आहे.

बाबा इतवारीतल्या एका उस्तादांकडे शिकले. 1958 पासून देशात मेट्रिक वजनं यायला लागली, त्या काळातल्या गोष्टी उस्ताद रंगवून सांगत. शेर म्हणजे साधारण 933 ग्रॅम. शेराची वजनं बाद झाली तरी काही दुकानदार भाव किलोचा घ्यायचे आणि तोलून द्यायचे शेरानं. दर किलोमागं 67 ग्रॅम गल्ल्यात. गिऱ्हाइकाला नवं माप अजून हाताला कळलेलं नसायचं, तेवढ्या फटीत हे चालायचं.

29 नोव्हेंबर 1970 हा रविवार होता. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तीही आमच्या नागपुरात. बाबा अठरा वर्षांचे होते आणि खुर्च्या लावणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या पोरांमध्ये होते. ठिकठिकाणाहून आलेल्या माणसांबद्दल ते शेवटपर्यंत बोलत. पण बोलणं नेहमी दुसऱ्या दिवसावर यायचं. सोमवारी सकाळी एका किराणा दुकानदारानं दोन किलोचं वजन दुकानात आणून ठेवलं. खालून थोडं हलकं कर म्हणाला, पन्नासेक ग्रॅम, शिक्का तेवढा राहू दे. बाबांनी वजन परत सरकवलं. दुकानदार उस्तादांकडे वळला. उस्ताद मुसलमान. कमी मापणाऱ्याला कुराणात काय ताकीद दिली आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "लड़का ठीक कह रहा है, सेठ." ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. बाबा सांगत, रविवारी म्हटलेलं आमेन माझ्या तोंडून खरं निघालं ते सोमवारी.

पुढं त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. सुरुवातीची बरीच वर्षं घर आईच्या पगारावर चाललं. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. त्या वर्षांबद्दल दोघंही फारसं बोलले नाहीत, म्हणून मलाही फार सांगता येत नाही.

मी धंद्यात पुरता उतरलो तेव्हा इलेक्ट्रॉनिक काटे बाजारात शिरत होते. बाबांचा हात तराजूच्या दांडीवर आणि ती जिच्यावर डोलते त्या सुरीसारख्या धारेवर बसलेला. सर्किट माझ्याकडे आलं. आतला लोड सेल म्हणजे धातूचा एक ठोकळा. त्यावर अतिशय बारीक तारांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल आकडा होऊन डिस्प्लेवर येतो. मला हे काम मनापासून आवडायचं, अजून आवडतं. दिल्लीला जुळवलेला काटा इथं आणून तसाच लावला तर 30 किलोला जवळपास 15 ग्रॅम कमी दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षण तिथल्यापेक्षा आपल्याकडे किंचित कमी आहे. म्हणून काटा जिथं वापरायचा तिथंच, प्रमाणित वजनं ठेवून, चारही कोपरे तपासून जुळवावा लागतो. हे मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ काट्याकडे बघत बसले. म्हणाले, "पंधरा ग्रॅमची जमिनीला खबर आहे, मग माणसाला नसावी?"

आणि तरीही मी ते केलं. एका अडत्यानं सोयाबीनच्या हंगामाच्या तोंडावर मला बोलावलं, चहा पाजला आणि विचारलं, क्विंटलमागं 400 ग्रॅम कमी दाखवता येईल का? खात्याचं सील तोडायचं नव्हतं, काट्याची जुळणी उघडायचा कोड मला माहीत होता. तीन हजार रुपये मिळाले. माझं लग्न ठरलं होतं, हातात पैसा नव्हता. पण ते कारण मी कधी स्वतःलाही नीट पटवू शकलो नाही. त्या रात्री घरी प्रार्थना झाली. मीही डोळे मिटून बसलो होतो.

चार महिन्यांनी त्या काट्याच्या पासिंगची वेळ आली आणि नेमका मी बाहेरगावी होतो. बाबा स्वतः गेले. त्यांनी वीस किलोची पाच वजनं ठेवली. डिस्प्लेवर 99.600. त्यांनी वजनं उतरवली, पुसली, पुन्हा ठेवली. 99.600. काटा आपोआप बिघडला तर आकडा असा गोळीबंद राहत नाही, हे त्यांना इलेक्ट्रॉनिक्स न शिकताही कळलं.

मी परतलो तेव्हा ते ओरडले नाहीत. पवित्र शास्त्रातला लूकचा 19 वा अध्याय उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. जक्कय जकातदाराची गोष्ट. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हणतो, तो. शाब्बाथ शाळेत मी जक्कय झालो होतो, पुठ्ठ्याच्या झाडावर चढलो होतो. बाबांनी विचारलं, "कोणाचं किती गेलं, सांगता येईल?" नाही येणार. पूर्ण हंगाम गेला होता. काटोलचा शेतकरी, कळमेश्वरचा, कुहीचा; कोणाची किती पोती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अडत्याच्या समोर उभं राहून मी काटा बरोबर केला आणि तीन हजार त्याच्या गादीवर ठेवले. तो बाबांना म्हणाला, "काहून एवढं मनावर घेता जी, सगळ्यांचंच असं चालते." बाबांनी हात जोडले आणि निघाले. आम्ही हे खात्याला कळवलं नाही. कळवायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

तीन हजाराचे चौपट बारा हजार. त्यात जमेल तेवढं घालून आम्ही एक प्लॅटफॉर्म काटा दुकानाच्या ओट्यावर मांडला आणि पाटी लावली: 'खुला काटा. माल अडतीत नेण्याआधी तोलून पाहा. चिठ्ठी मिळेल. पैसे नाहीत.' पाटीवर देवाचं नाव नाही, वचन नाही. आईला वाटत होतं एखादी ओळ असावी. बाबा नको म्हणाले. ही फेड आहे, फेडीवर आपलं नाव कशाला.

पहिली दोन वर्षं आम्ही फार वाईट काढली. काही अडतींनी दुरुस्तीचं काम काढून घेतलं. ओट्यावर रात्री कोणी चिखल टाकून जायचं. मी बाबांना काटा आत घ्या म्हणून सांगितलं, एकदा नाही, चारदा. त्यांनी घेतला नाही. मग हळूहळू शेतकरी थांबायला लागले. एक पोतं उतरवायचं, तोलायचं, चिठ्ठी खिशात, पुढं कळमना. संध्याकाळी परत जाताना काही जण अडतीची चिठ्ठी आणून शेजारी धरायचे. आता काही अडतेच माल आणणाऱ्याला सांगतात, पाहिजे तर त्या ओट्यावर तोलून ये. त्यांच्या काट्याचं काम आमच्याकडे आहे, आणि ते निर्धास्त असतात.

नागपुरात मिशन म्हटलं की लोकांना शाळा, कॉलेज, दवाखाना आठवतो. ते योग्यच आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 साली इथं आले, शाळा काढली. 1883 साली सुरू झालेलं कॉलेज आजही त्यांच्या नावानं आहे. बुटीबोरीच्या कारखान्यांमध्ये ट्रकचे मोठे काटे तपासायला मी जातो तेव्हा टाकळघाटची पाटी लागते. तिथली दगडांची प्राचीन वर्तुळं पाहून परतताना, 4 सप्टेंबर 1863 ला, पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. धर्माचं सांगायला आलेला माणूस या मातीतले दगड वेचत होता, जीवाश्म गोळा करत होता, गोंडांची बोली टिपून घेत होता. या भूमीकडे एवढ्या लक्षपूर्वक पाहणं हाही त्यांच्या सेवेचाच भाग होता, असं मला वाटतं. ट्रकच्या काट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात. हा शब्द ज्यानं कोणी पहिल्यांदा वापरला, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. शास्त्रातही तेच आहे: थैलीत दोन वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान.

गिऱ्हाइकाला मी पत्रक देत नाही. माणूस काटा बंद पडला म्हणून अडून आलेला असतो, त्या अडचणीत त्याला धरून देवाचं सांगणं मला बरोबर वाटत नाही. कामाच्या माणसांना तर नाहीच, कारण त्यांचा पगार माझ्या हातात आहे. विचारलं तर लपवत नाही. आमच्याकडे दोघं बौद्ध आहेत, एक मुसलमान, एक तेली समाजातला, एक आमच्याच मंडळीतला. दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तेव्हा आमचे दोघं तिथं पाणी वाटायला असतात. ती सुट्टी भरपगारी, आणि पाण्याचे कॅन दुकानाच्या गाडीतून जातात. पगार शनिवारी दुपारी, दिवे लागायच्या आधी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये हे लेवीयमध्ये लिहिलेलं आहे. लॉकडाऊनमध्ये एक शनिवार चुकला. आईच्या दोन बांगड्या गेल्या आणि सोमवारी पगार झाला.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. 2020 च्या एप्रिलमध्ये मंडळीच्या हॉलमध्ये आम्ही शिधा बांधत होतो. काटा आमचा, म्हणून तोलायला मी. डाळ कमी पडायला लागली तसं कोणीतरी सुचवलं, पिशवीत 900 ग्रॅम भरा, जास्त घरांना पुरेल, फुकटच तर देतोय. सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. भुकेली घरं त्यालाही दिसत होती. पण पिशवीवर छापलेलं होतं 'तूरडाळ 1 किलो'. मी थांबलो. वाद झाला, बऱ्यापैकी. पाळकसाहेब म्हणाले, 900 भरायची तर 900 लिहा. मग पोरींनी बसून एकेका पिशवीवर मार्करनं '1 किलो' खोडून 900 ग्रॅम लिहिलं. वेळ गेला, पण जास्त घरांना डाळ पोचली आणि मापही खरं राहिलं. ज्या घरी पिशवी जाईल तिथल्या बाईनं घरी तोललं तर तिला आपल्याबद्दल काय वाटेल, एवढाच माझा प्रश्न होता. फुकट घेणाऱ्यालाही माप कळतं.

बाबा आता नाहीत. धाकटी मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन शिकून दुकानात आली आहे. तिनं कोडची पद्धत बदलली: कुठल्याही काट्याचं कॅलिब्रेशन उघडलं की वहीत नोंद, दोघांच्या सह्या, आधीचा आणि नंतरचा आकडा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कळलं की तिला माझी गोष्ट माहीत आहे. तिच्या आजीनं सांगितली असणार. आम्ही त्यावर बोललो नाही. मी रोज सही करतो, त्या 'दुसरी सही' लिहिलेल्या रकान्यात.

मागच्या हंगामात कळमेश्वरकडची एक मावशी तुरीचं पोतं घेऊन ओट्यावर आली. सोबत नातू. मुलीनं पोतं ठेवलं, आकडा स्थिरावला: 51.350. चिठ्ठी घेऊन दोघं कळमन्याकडे गेले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मावशी परत आल्या, पदराच्या गाठीतून अडतीची चिठ्ठी काढली आणि दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नातवानं बोट ठेवून वाचलं, आधी इकडची, मग तिकडची.

"बरोबर हाय जी," मावशी म्हणाल्या, चिठ्ठ्यांची घडी घातली आणि बस गाठायला निघाल्या.