बासचं मुंडकं खाली जातं: आधी बाटली टांगा, मग पाना घ्या

पट्टा खांद्यावर घ्या, बास गिटार पोटाशी टेकवा आणि दोन्ही हात सोडा. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, हळूहळू जमिनीकडे झुकली तर बास डोकेजड आहे. बासवाले याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, तीन-चार तास उभ्यानं वाजवायचं म्हटल्यावर हा दोष हाताला छळतो. डाव्या हाताचं काम तार दाबायचं. तोच हात नेक उचलून धरायला लागला की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. पाचव्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) बाराव्यावर झेप घेताना हात क्षणभर सुटतो, तेवढ्यात नेक दोन बोटं खाली आलेली असते आणि बोट भलत्याच घरात पडतं.

बंडी भरताना हे गणित सगळ्यांना कळतं. कापसाची गाठोडी मागं जास्त झाली की बंडी उलाळ होते, जू वर उठतं. वजन तेवढंच असतं, फक्त आसाच्या चुकीच्या बाजूला बसलेलं असतं. बासचंही तसंच. म्हणून ‘बास जड आहे म्हणून पडतो’ हे खरं नाही. जड बॉडी उलट नेकला वर धरायला मदतच करते. साडेचार किलोचा बास सरळ उभा राहतो आणि साडेतीन किलोचा तोंडावर पडतो, असं सर्रास दिसतं.

आधी तोल कुठं आहे ते शोधा. जाडसर दांड्याला टॉवेल गुंडाळा, त्यावर बास आडवा ठेवून पुढं-मागं सरकवा. जिथं तो तरंगल्यासारखा थांबेल तिथं मास्किंग टेपची खूण करा. आता बॉडीच्या वरच्या शिंगावरचं, म्हणजे नेककडे पुढं आलेल्या टोकावरचं, पट्ट्याचं बटण या खुणेपासून किती लांब आहे ते बघा. बटण खुणेच्या पुढं, म्हणजे डोक्याकडे, चांगलं लांब असेल तर काळजी नाही. खुणेच्या आसपास किंवा मागं असेल तर नेक पडणारच, कितीही भारी पट्टा घ्या. १९५१ मध्ये गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनं प्रिसिजन बास काढला तेव्हा वरचं शिंग मुद्दाम लांब ठेवलं, ते याच तोलासाठी. शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पोचलं की काम सोपं होतं. १९६३ पासून निघालेल्या गिब्सन थंडरबर्डच्या घाटाचे बास मात्र नेक पडण्यासाठीच ओळखले जातात. त्यातल्या बऱ्याच बासांवर पुढचं बटण मागच्या बाजूला, नेकच्या जोडापाशी असतं.

मग बाटली. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली सुतळीनं मागच्या बटणाला टांगा, बास नेहमीसारखा गळ्यात घ्या आणि नेक सोडल्या जागी थांबेपर्यंत बाटलीत थोडं थोडं पाणी ओता. कार्यक्रमात जो शर्ट घालता तोच अंगात असू द्या, कारण साटिनच्या झब्ब्यावर पट्टा जसा घसरतो तसा सुती बनियनवर घसरत नाही. नेक थांबली की पाणी मोजा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. हाच तुमच्या बासच्या आजाराचा आकडा. शंभराच्या आत असेल तर पट्ट्यावर भागतं. शंभर ते तीनशे असेल तर बटण किंवा डोक्यावरच्या तारा ताणायच्या खुंट्या बघाव्या लागतात. तीनशेच्या वर गेला तर बटण हलवल्याशिवाय सुटका नाही, निदान माझं मत तसं आहे.

पट्टा गावातच होतो. जोडे शिवणाऱ्याकडे आठ-नऊ सेंटीमीटर रुंद चामड्याची पट्टी घ्या आणि चामड्याची खरखरीत बाजू आत येईल अशी शिवून घ्या. नायलॉनचा पट्टा नको, तो घामात साबणासारखा सरकतो. नायलॉनचाच असेल तर खांद्यावर येणाऱ्या भागाला खालून सायकलच्या ट्यूबचा वीस बाय सहा सेंटीमीटरचा तुकडा शिवा. पण पट्टा गुंडाळून बासवर ठेवू नका. काही जुन्या लॅकरच्या पॉलिशवर रबराचा डाग पडतो आणि तो निघत नाही. शिवाय एवढं समजून घ्या की खरखरीत पट्टा वजन कमी करत नाही, नेकचा ओढा हातावरून काढून खांद्यावर टाकतो. आकडा मोठा असेल तर शर्टाची कॉलर एका बाजूला ओढली जाते आणि कार्यक्रम संपेस्तोवर मान धरते. पट्ट्याचं भोक सैल झालं असेल तर बटणावर नळाचा रबरी वायसर चढवा.

बटण हलवणं हे सगळ्यात फायद्याचं काम, आणि बिघडतंही तिथंच. नवी जागा शिंगाच्या जितकी टोकाशी मिळेल तितकी घ्या, पण कडेपासून दीड सेंटीमीटर तरी लाकूड सुटलं पाहिजे. जागेवर मास्किंग टेप लावा, टोच्यानं खूण करा. बटणाचा स्क्रू साधारण चार मिलिमीटर जाडीचा असतो, त्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या पात्याला स्क्रूच्या लांबीवर टेपचं निशाण बांधा, म्हणजे भोक आरपार जाणार नाही. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावून हातानंच पिळा. भोक न पाडता सरळ स्क्रू ठोकला की शिंगाला चीर जाते, आणि ती पॉलिशखाली बरेच दिवस दिसत नाही. जुन्या भोकात बांबूची काडी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या. सुतार चांगला असेल तर हे काम त्याला द्या, फक्त टेपच्या निशाणाशी स्वतः उभे राहा.

खुंट्यांकडे लोक बघत नाहीत. तोलाच्या खुणेपासून खुंट्या साधारण पासष्ट सेंटीमीटर लांब आणि मागचं बटण सदतीस-अडतीस सेंटीमीटर. म्हणजे डोक्यावरचा एक ग्रॅम शेपटीकडच्या पावणेदोन ग्रॅमांना भारी पडतो. जुन्या घाटाच्या जाड खुंट्या काढून हलक्या बसवल्या आणि एका खुंटीमागं ४० ग्रॅम वाचले असं धरू. चार खुंट्यांचे १६० ग्रॅम. तेवढाच परिणाम मागं वजन लावून हवा असेल तर २८० ग्रॅम लागतील. ४.६ किलोचा बास पहिल्या वाटेनं ४.४४ वर येतो, दुसऱ्या वाटेनं ४.८८ वर जातो. खांद्याला विचारून बघा. मागवण्याआधी डोक्यावरच्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजा, कारण खुंटी भोकात सैल बसली तर सूर टिकत नाही. डोक्याला अडकवलेला क्लिप ट्यूनरही (सूर जुळवायचं छोटं यंत्र) वाजवताना काढून ठेवा, ते फुकटातलं काम आहे.

मागं वजन लावणं शेवटचा उपाय. टायर पंक्चरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या चिकटपट्टीच्या वजनांच्या पट्ट्या मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमचे तुकडे असतात. कंट्रोलच्या खाचेत, म्हणजे आवाजाच्या बटणांच्या पोकळीत, बसवायचे तर ती जागा मागच्या बटणाइतकी लांब नसते, म्हणून बाटलीच्या आकड्यापेक्षा जास्त वजन लागतं. खाच तोलाच्या खुणेपासून पंचवीस सेंटीमीटरवर असेल तर साधारण दीडपट धरा. तुकडे काळ्या इन्सुलेशन टेपनं पूर्ण गुंडाळा, कारण उघडा धातू पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) टोकांना लागला की आवाज बंद होतो. वजन शिशाचं असेल तर हाताळल्यावर हात धुवा, आणि शिसं घरी वितळवून ओतायच्या भानगडीत पडू नका, वाफ विषारी असते.

वजन अजिबात नको असेल तर मागच्या बटणापासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत वीस-पंचवीस सेंटीमीटरची दोरी, एका टोकाला कडी. शेपूट वर उठत नाही म्हणून नेक खाली जात नाही. दिसायला गावठी आहे, काम मात्र चोख करते. कडी एका हातानं सुटणारी हवी, नाहीतर स्टेजवरून उतरताना बासासकट अडकाल.

बसून वाजवणाऱ्यांना हात असलेली प्लास्टिकची खुर्ची नको, बास मांडीवर नीट टेकतच नाही.

चिकटवलेल्या वजनांना उन्हाळ्यात एकदा तपासा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिक्कीत बास तापला की चिकटपट्टी सुटते, तुकडा खाचेत खुळखुळतो आणि दोष अॅम्पमध्ये शोधला जातो. झाकण लावण्याआधी आतून फोमचा पातळ तुकडा दाबून बसवा, म्हणजे गोंद सुटला तरी वजन जागचं हलणार नाही.