नोंद 14 : घंटेच्या लोलकाला फडकं

मंडळी, मधमाशांकडून उचललेला घंटेचा प्रयोग फसला. मागच्या नोंदीत लिहिलं होतं त्याप्रमाणे वागळे इस्टेटमधल्या आमच्या छापखान्यात ताव दुमडण्याच्या, म्हणजे घडीच्या टेबलावर पितळी घंटा टांगली. मशीनवरून छापील ताव घेऊन आलेल्या पोराला तीन मिनिटांहून जास्त थांबावं लागलं, तर त्याने ती वाजवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर लोलकाला बाइंडिंगचं लाल कापड गुंडाळलेलं आणि वरून शिलाईच्या मेणदोऱ्याचे सात-आठ वेढे. गाठ इतकी पक्की की दोरा कापावाच लागला. घडीच्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, आमचे हात चाललेत ते दिसतंय ना? मग डोक्यावर घंटा कशाला?"

त्यांचं बरोबर होतं. दिवाळी अंकांचा हंगाम, तावांचा ढीग छातीपर्यंत आलेला, आणि मी त्यांच्याच कानाशी घंटा बडवत होतो.

नियम तर मधमाशांचाच होता. मधमाशांचे अभ्यासक टॉमस सीली यांचं 1992 चं काम आहे. मकरंद घेऊन आलेल्या माशीला तो उतरवून घेणारी माशी 20 सेकंदांच्या आत भेटली, तर ती नाचून आणखी माश्यांना फुलांकडे धाडते. 50 सेकंदांहून जास्त शोधावं लागलं, तर थरथर नाच करते आणि उतरवून घेणाऱ्यांची संख्या वाढते. कुठे हात कमी पडताहेत हे वरून कोणी सांगत नाही, ताटकळणारीलाच ते कळतं. मला हे फार आवडतं. पण हे आकडे युरोपीय माशीचे, माझी सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी. म्हणून मी त्यांतून दिशा तेवढी घेतो.

चूक कुठे झाली ते शोधायला रविवारी पहाटे गच्चीवर काचेच्या पेटीपाशी बसलो, तिच्यातून माश्यांचं आतलं काम दिसतं. (काच कापून देणाऱ्याने दोन सूत कमी कापली आहे. युरोपीय माशी अशी फट राळेने बुजवते, सातेरी राळ वापरतच नाही. पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्याला आयतं दार. मी सध्या मेण भरलंय. पेटी मागवणार असाल तर काच स्वतः मोजून, समोर उभं राहून कापून घ्या.) गच्चीच्या दुसऱ्या टोकाला घट्ट पाक ठेवला, तोही तासभरच, नाहीतर आग्या (मोठ्या रानमाश्या) येतात. पाठीवर पिवळा ठिपका दिलेली एक माशी पोट भरून परतली. एकीपुढे तोंड केलं, तिने घेतलं नाही. दुसरीनेही नाही. मग ती पुढचे पाय उचलून थरथरत चालू लागली, आणि इथे मी वहीत दोनदा रेघ मारली: ती दाराजवळच्या गर्दीत थांबली नाही. पोळ्यावर आतपर्यंत गेली, पिलाव्यापर्यंत (अंडी-अळ्यांच्या भागापर्यंत), जिथे बाकीच्या माश्या दुसऱ्याच कामात किंवा नुसत्या बसलेल्या होत्या. ज्या आधीच मकरंद उतरवून घेत होत्या, त्यांना ती काहीच सांगत नव्हती.

सोमवारी घंटा काढून फर्मे (घडी घातलेले ताव) क्रमाने जुळवण्याच्या टेबलाशी नेली. तिथे शिलाईचं काम अडलं की दोघं-तिघं मोकळी असतात. पहिल्या दिवशी चार वेळा वाजली. बुधवारी मात्र जुळवणीवरच्या दोघी घंटा वाजण्याआधीच उठल्या आणि घडीला बसल्या. एका मावशीने न बोलता आपलं घडीचं हाड (घडी दाबायची पट्टी) एकीच्या हातात दिलं. ती स्वतःचं हाड कधी कोणाला देत नाही, हे प्रेसमध्ये सगळ्यांना माहीत आहे! संध्याकाळी ढीग गुडघ्याशी आला होता. मी खरंच खूश आहे.

गुरुवारी ढीग पुन्हा कमरेला. मशीनमनला घंटेशी देणंघेणं नाही. घडीला हात वाढले हे पाहून त्याने वेग वाढवला. हे लिहिता लिहिता ध्यानात येतंय की मी थरथर नाचाचा अर्धाच भाग उचलला. थरथरणारी माशी वाटेत फुलांची जाहिरात करणाऱ्या माशीला डोक्याने ढुशी देऊन बारीक पीं करते आणि तिचा नाच थांबवते. आत हात वाढेपर्यंत बाहेरून नवा माल नको. आमच्याकडे ही ढुशीच नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात मुंग्यांच्या वाटांवर लिहिणार होतो, ते राहू दे. आधी ताव आणणाऱ्या पोराने परत जाताना मशीनमनच्या हाताशी लाल पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे पुढची प्लेट चढवण्याआधी तो घडीवर नजर टाकेल. पुठ्ठा देणारा वयाने लहान, मशीनमन तीस वर्षांचा अनुभवी. म्हणून हे मी सांगण्याऐवजी आधी त्यालाच रविवारी गच्चीवर बोलावलंय, पेटी बघायला.

ढुशी माझ्या काचेतून अजून नीट दिसलेली नाही. कोणी सातेरीत पाहिली असेल, तर पोळ्याच्या कोणत्या भागात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, तेवढं सांगा.