काकांची पट्टी

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, सभागृहाच्या मागच्या जिन्यात, मी काकांना म्हटलं, "आज तुम्ही गाऊ नका. नुसते ओठ हलवा." काका एसटीतून निवृत्त झालेले चालक, सत्तरीचे. "बरं बाई," एवढंच म्हणाले आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. महिना झाला, ते "बरं बाई" कानातून जात नाही.

आमचं वृंदगान मंडळ सुरू केलं ते सर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेले. सेवा दल १९४१ सालचं. वसंत बापटांसारखे कवी त्या कलापथकात होते, आणि गावोगाव फिरून गाण्यांतून लोकांपर्यंत पोहोचायचं हे त्यांचं काम. संगीतकार वसंत देसाईंनी 'एक सूर एक ताल'मध्ये हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं, हेही सर नेहमी सांगायचे. "एवढ्या पोरांचे गळे कोण तपासत बसणार?" म्हणून आमच्याकडे चाचणी नाही. गुरुवारी संध्याकाळी जो येईल तो गाणार. मंडळ या एका नियमावर उभं आहे आणि तो मी जिन्यात मोडला.

पंचवीस जण एकदम गायले की झालं वृंदगान, असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं काम काढून टाकण्याचंच असतं. थोडंफार शिकलेला माणूस ओळीच्या शेवटी हरकत, म्हणजे सुरांचं छोटं वळण, घेतोच, आणि पंचवीस जणांनी आपापल्या मुरक्या घेतल्या की गाण्याचा चिखल होतो. मी आठवडेच्या आठवडे त्या मुरक्या खुडत असते. मग श्वास. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी दम घेतला की तिथे भोक पडतं, म्हणून कुणी कुठे घ्यायचा ते वाटून द्यावं लागतं. शब्दाच्या शेवटचा 'स' सगळ्यांनी एका क्षणी सोडायचा, नाहीतर फुसफुस ऐकू येते. एवढं सगळं करून गेलं की आयोजक दोन माइक देतात आणि पाहुणे येईपर्यंत वेळ काढायला उभं करतात. याचा मला मनापासून राग येतो.

ध्रुवपदात काका ठीक असत. अंतऱ्यात गाणं तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, निघालं की त्यांचा सूर अर्ध्यावर लटके. परीक्षकांसमोर ते मला नको होतं.

ध्रुवपद छान झालं. अंतऱ्याचा उठाव, म्हणजे ओळ उचलणं, पुरुषांचं; समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दीड मात्रा आधी. मी हात केला आणि कुणी उठलंच नाही. सहाही जण क्षणभर गप्प. मग दोघं उशिरा शिरले, बाकीचे त्यांच्यामागून. तबलजीने ठेका धरून ठेवला म्हणून निभावलं. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. काकांचे ओठ बरोबर दीड मात्रेवर उघडले होते. इतकी वर्षं ती अख्खी रांग त्यांच्या आवाजावर उठत होती आणि मला, समोर उभी असून, ते कळलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यांना अर्धा तास आधी बोलावलं. स्पर्धेचं गाणं काळी चारमध्ये होतं, म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. आमच्यात बायका अठरा, पुरुष सात, म्हणून पट्टी बायकांची. पेटीवर काळी एकचा, म्हणजे बराच खालचा, सूर धरला आणि तोच अंतरा म्हणायला सांगितलं. तार षड्ज स्वच्छ लागला. पुढचा गंधारही.

एकटा गाणारा समोर बसला की आपण सगळ्यात आधी त्याची पट्टी विचारतो. काकांना मी बारा वर्षांत एकदाही विचारली नाही. बेसूर म्हणत राहिले.

"मग रविवारी गायलो असतो तर चाललं असतं का?" त्यांनी विचारलं. काळी चारमध्ये त्यांचा तार षड्ज लागला नसता, हे खरं. उठाव चुकला नसता, हेही खरं. मी पेटीचा भाता लावला आणि माफी मागितली. उत्तर मात्र देता आलं नाही.

आता अंतऱ्यात पुरुषांसाठी वेगळी ओळ बांधतेय, मध्य पंचमाच्या आसपास राहणारी. उठाव काकांचाच. दोन ओळी बसल्या आहेत. तिसरीत धैवतावर ती बायकांच्या सुराला टोचते, तिथे अडकले आहे.