बेनेदेत्तो झाकारिया आणि फोकियाची तुरटी

जिनोआ बघायला येणारी आपली मंडळी कोलंबसाचं घर बघून परततात. त्याच्या दोनशे वर्षं आधीचा बेनेदेत्तो झाकारिया कुणाच्याच यादीत नसतो, याची खंत वाटते. सरदार घराण्यातला हा माणूस आरमाराचा सेनानी होता, राजदूत म्हणून बोलणी करायचा आणि परमुलखाचा कारभारही बघायचा. या सगळ्याच्या मुळाशी होती तुरटी.

लोकरीवर रंग पक्का बसवायचा तर तुरटी लागतेच. 1275 च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या मायकेलने बेनेदेत्तो आणि त्याचा भाऊ मानुएले यांना फोकिया दिलं. आज ते तुर्कस्तानात, इझमीरजवळ आहे. तिथला तुरटीचा दगड आधी भट्टीत भाजायचा, मग ढीग रचून तो भुसभुशीत होईपर्यंत कित्येक आठवडे पाणी मारायचं. नंतर कढयांत उकळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी हौदात निवू द्यायचं. तिथे खडे धरतात. आच जास्त झाली तर गंधकाचा अंश उडतो आणि माल नीट विरघळत नाही. लोहाचा अंश राहिला तर उजळ रंग काळवंडतात. म्हणून खरी किंमत भट्टी सांभाळणाऱ्याची. चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याने इथलं उत्पन्न वर्षाला 14,000 कांतार नोंदवलंय, म्हणजे साडेसहाशे टनांच्या वर.

माल न्यायला जहाजं घरचीच. शिवाय काळ्या समुद्राकडची तुरटी आणायला सम्राटाकडून बंदीही मिळवली, त्यामुळे जिनोआचेच व्यापारी दुखावले.

6 ऑगस्ट 1284 ला जिनोआ आणि पिसा यांच्यातल्या मेलोरियाच्या लढाईत बेनेदेत्तोच्या सुमारे 30 गॅली (वल्ह्यांची लढाऊ जहाजं) मागे दबा धरून होत्या. पुढची फळी एवढीच फौज समजून पिसाचं आरमार भिडलं आणि बुडालं. पुढे कॅस्टिलच्या राजाने 12 गॅलींसाठी महिना 6,000 दोब्ला (सोन्याची नाणी) मोजून त्याला चाकरीत घेतलं; 1291 मध्ये त्याने मोरोक्कोचं आरमार हरवलं.

त्रिपोलीत (आजच्या लेबनॉनमधल्या) मात्र अंदाज चुकला. 1288 मध्ये मिळालेल्या अधिकारापलीकडे जाऊन त्याने करार केला. पुढच्याच वर्षी इजिप्तचा सुलतान कलावून याने शहर घेतलं. मग झाकारियाने इजिप्तचं एक जहाज पकडलं. ते निस्तरायला जिनोआला 1290 मध्ये सुलतानाशी तह करावा लागला.

1304 मध्ये त्याने मस्तकी या सुगंधी डिंकासाठी प्रसिद्ध असलेलं किओस बेट घेतलं. तेव्हाच्या बायझंटाइन सम्राटाने दहा वर्षांसाठी मान्यताही दिली. 1307 मध्ये तो वारल्यावर बेट मुलाकडे गेलं. मुलाचं नाव पालेओलोगो, बायझंटाइन राजघराण्यावरून ठेवलेलं.