वाघ सुचत नव्हता तेव्हा

"नागपूरचे ना तुम्ही? मग वाघ हवाच." लहान मुलांच्या स्टिकरसाठी प्राण्यांची डिजिटल चित्रं हवी असलेल्याने फोनवर एवढंच सांगितलं आणि माझी गाडी तिथेच अडली. हत्ती, अस्वल, मोर भराभर झाले. वाघ मात्र होईना.

माझा राग आहे तो "रेफरन्स बघ, सुचेल" या सल्ल्यावर. रोज रात्री टॅबलेट घेऊन बसायचो आणि वाघांचे फोटो, वाघांची चित्रं बघत राहायचो. एक उघडला की त्याच्यासारखेच ढिगाने समोर. सगळे समोरून, सगळे डरकाळी फोडणारे, डोळ्यांत तीच पिवळी चमक. कित्येक चित्रांत तर मांजरासारखी उभी फट काढलेली. वाघाच्या डोळ्यातली बाहुली गोल असते हो! मध्यरात्र उलटायची, डोळे चुरचुरायचे. नवा लेअर, चार रेघा, पुसून टाक, परत तेच. दुसऱ्याचं पूर्ण झालेलं चित्र बघून हात सुटत नाही, आखडतो. काय ठेवायचं, काय गाळायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. आपल्याला करायला काही उरतच नाही. सुचणं म्हणजे ते ठरवणंच, आणि ते जिवंत जनावरासमोरच होतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

सुटका झाली ती गोकुळपेठच्या बाजारात. टाकलेल्या पालकाच्या ढिगात तोंड खुपसून एक बकरी उभी होती. मान पार खाली, पण डोळ्यातली आडवी फट जमिनीला समांतर. वाकून बघत राहिलो. तिने मान वर केली, तरी फट तशीच आडवी! मान हलते तसा डोळा खोबणीत फिरतो, म्हणून चरतानाही तिला आजूबाजूचं सगळं दिसत राहतं. हे कुठल्याच फोटोत कळलं नसतं. भाजीवाल्या काकूंकडून कागद मागितला.

"बकरीचं काय काढता जी?"

"डोळा, काकू."

त्याच रात्री वाघ उतरला. समोरून नाही, डरकाळी नाही. पाणी पिताना मान खाली आणि नजर वर. पहिल्याच खेपेला मंजूर झाला, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

बाहेर चित्रं काढायला जाताना खिशात छोटी वही ठेवाच. आपल्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही आणि मे महिन्यात टॅबलेट तापून बंद पडतो. सुरुवात अंबाझरी तलावावरच्या पाणकावळ्यांपासून करा, पंख वाळवताना ते बराच वेळ हलत नाहीत. पावसाळ्यात अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, गाठा. तिथल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांवरून अंगाची मापं नीट घेता येतात. कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो उलटा गुडघा वाटतो ती त्याची टाच असते, खरा गुडघा वर पोटाजवळ. हे एकदा डोक्यात बसलं की वाघाचे पायही सुधारतात. आणि हो, छापायचं असेल तर पहिली रेघ ओढण्याआधीच कॅनव्हास छपाईच्या मापाचा आणि ३०० डीपीआयचा (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) करून घ्या, नंतर वाढवलं की रेघा फुटतात.

तान्हा पोळ्याला लेकरं लाकडी बैल सजवून आणतात तेव्हा तर घरी बसूच नका. प्रत्येक बैलाची मान, शिंगं, पाठीवरची झूल वेगळी. मी यंदा वही घेऊन जाणार आहे.